‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द आपण वापरत राहावा का? शाळेच्या भिंतीवरील घोषणेवरून पडलेला प्रश्न

रानजाई (प्रश्न)

मराठवाड्यातील एका तालुक्यात बचत गटांतील महिला आणि किशोरवयीन मुली यांच्यासोबत काम करणाऱ्या एका लहान संस्थेत मी आहे. येत्या २४ जानेवारीला, म्हणजे राष्ट्रीय बालिका दिनी, जिल्हा परिषद शाळेच्या रस्त्याकडील भिंतीवर घोषणा रंगवून घ्याव्यात, असे ग्रामपंचायतीने ठरवले आहे. रंगाचा आणि पेंटरचा खर्च पंचायत करणार आहे. मजकूर आम्ही द्यायचा आहे आणि तिथेच आमचे घोडे अडले आहे.

आमच्या ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा आग्रह ‘स्त्रीभ्रूणहत्या थांबवा’ या ओळीचा आहे. हा शब्द आता घरोघरी पोहोचलेला आहे, तो वाचल्यावर कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. पुण्याहून प्रशिक्षण घेऊन आलेल्या दोन तरुण सहकाऱ्यांना यातील ‘हत्या’ अजिबात मान्य नाही. त्यांनी सुचवलेली ओळ ‘लिंगाधारित गर्भनिवडीला नकार’ अशी आहे. पेंटरने ती दोनदा वाचली आणि “ताई, हे नेमकं कशाबद्दल आहे?” असे विचारले.

एवढाच वाद असता तर मी येथे लिहिले नसते. मागील महिन्यातील एका बैठकीत आम्ही बायकांना सहज विचारले की, गर्भपात करून घेणे कायद्याने चालते का? जवळजवळ सर्वांचे उत्तर “नाही, तो गुन्हा आहे” असे होते, आणि हे कुठे ऐकले असे विचारल्यावर एकीने एस.टी. स्टँडच्या भिंतीकडे बोट दाखवले. आपल्या देशात गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आहे. त्याच बैठकीतील एका बाईची तांबी निसटून तिसऱ्यांदा दिवस गेले होते. सरकारी दवाखान्यात गेल्यास पोलिसांत नाव जाईल, या भीतीने ती शेजारच्या तालुक्यात चोरून गेली आणि तेथे तिच्याकडून मागतील तेवढे पैसे घेतले गेले. तिच्या बाबतीत मुलगा-मुलगी हा प्रश्नच नव्हता.

मला विचारायचे आहे ते असे. चळवळीने एखाद्या अन्यायासाठी जो शब्द निवडला, त्यातूनच लोकांचा त्या अन्यायाविषयीचा समज घडत असेल, तर हा समज कितपत आमच्या शब्दाने घडवला आहे? आणि तसे असेल, तर भिंतीवर काय लिहावे?

शाईपेन

मी एका मराठी दैनिकात बरीच वर्षे उपसंपादक होतो, त्यामुळे हा शब्द मथळ्यांत कसा स्थिरावला ते मी जवळून पाहिले आहे.

या प्रश्नावरील मुंबईतील सुरुवातीचे आंदोलन ‘हत्या’ या शब्दाभोवती उभे राहिलेच नव्हते. १९८५-८६च्या सुमारास स्त्री-संघटना, आरोग्य कार्यकर्ते आणि काही डॉक्टर यांनी मिळून जो मंच स्थापन केला, त्याच्या नावात लिंगपरीक्षा आणि लिंगपूर्वनिवड यांना विरोध, असे स्पष्ट म्हटलेले होते. त्या वेळी गर्भाचे लिंग सांगणाऱ्या गर्भजल परीक्षेच्या जाहिराती उघडपणे होत असत. ‘आता ५०० रुपये खर्च करा आणि पुढचे ५० हजार वाचवा’ या धर्तीच्या त्या जाहिराती आज वाचल्या तर अंगावर काटा येतो. पुढचे ५० हजार म्हणजे हुंडा, हे कोणाला सांगावे लागत नव्हते. मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या त्या काळातील एका पाहणीत ८४ टक्के डॉक्टरांनी आपण ही परीक्षा करतो, असे सांगितले होते. मंचाचा रोख या धंद्यावर, म्हणजे डॉक्टर, प्रयोगशाळा आणि तंत्रज्ञान यांच्यावर होता. त्यातून महाराष्ट्राचा १९८८चा कायदा आला, जो देशातील पहिला होता, आणि त्याच धर्तीवर १९९४चा केंद्रीय कायदा झाला. या दोन्ही कायद्यांच्या नावांत ‘प्रसवपूर्व निदान तंत्रे’ हे शब्द आहेत. ‘भ्रूणहत्या’ कोठेही नाही.

मग हा शब्द आला कोठून? तो जुनाच आहे. धर्मशास्त्रात भ्रूणहत्येची गणना महापातकांत होते, म्हणून तो उच्चारताच मराठी माणसाच्या मनात काहीतरी हलते. २००१च्या जनगणनेचे आकडे आले आणि महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुली ९४६ होत्या त्या दहा वर्षांत ९१३ झाल्याचे दिसले, तेव्हा वर्तमानपत्रे, शासन आणि धर्मसंस्था एकदमच या विषयाकडे वळल्या. त्याच वर्षी शिखांच्या अकाल तख्ताने याविरुद्ध हुकूमनामा काढला, आपल्याकडे कीर्तनकारांनी हा विषय घेतला. या सर्वांना तंत्रज्ञानाच्या गैरवापरापेक्षा पापाची भाषा जवळची होती. मथळ्यात बसणारा शब्द म्हणून तो आम्हालाही सोयीचा होता, हेही सांगून टाकतो: ‘गर्भलिंगनिदानानंतरचा लिंगनिवडीसाठीचा गर्भपात’ हे एका स्तंभात मावत नाही.

मला महत्त्वाचा वाटतो तो या बदलाबरोबर झालेला दुसरा बदल. पहिल्या भाषेत आरोपी कोण हे दिसत होते: परीक्षा विकणारा. दुसऱ्या भाषेत पाप दिसू लागले, आणि पाप म्हटले की आपल्या समाजाची बोटे आपोआप बाईकडे वळतात. ‘कशी ही आई, जिने पोटच्या गोळ्याला मारले’ या वळणाचे किती अग्रलेख आमच्याकडे आले असतील, त्याची गणती नाही. सोनोग्राफी यंत्र कोणी विकत घेतले, त्याची नोंदणी होती का, त्या गावात इतकी यंत्रे कशासाठी, हे विचारणाऱ्या बातम्या त्या मानाने फारच कमी.

रानजाई, तुमच्या बैठकीतील उत्तर मला नवे वाटले नाही. आम्हीच ते छापत होतो.

प्रसूतिकक्ष

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या ठिकाणी माझे रुग्णालय आहे. शाईपेन यांनी डॉक्टरांविषयी जे लिहिले आहे ते मला नाकारता येत नाही, म्हणून त्यावर काही बोलत नाही. शब्दाचा परिणाम आमच्या बाह्यरुग्ण विभागात कसा दिसतो, तेवढे सांगते.

माझ्या सोनोग्राफीच्या खोलीबाहेर नियमाप्रमाणे फलक आहे: ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. गर्भलिंगनिदान करणे व करवून घेणे हा कायद्याने गुन्हा आहे.’ प्रत्येक गर्भवतीच्या सोनोग्राफीमागे मी ‘एफ फॉर्म’ भरते, त्यावर तिची सही किंवा अंगठा असतो. या फलकाखाली बसलेल्या बायकांपैकी कितीतरी जणी मला दबक्या आवाजात विचारतात की, “मॅडम, पिशवी साफ करायची तर केस होते का?” फलकावर गर्भपाताचा उल्लेखही नाही. तरीही बाहेरच्या भिंतींवरील ‘हत्या’ आणि या फलकावरील ‘गुन्हा’ त्यांच्या मनात एकत्र झालेले असतात, आणि त्याला त्या जबाबदार नाहीत.

२०१२ साली बीड जिल्ह्यातील परळीत एका रुग्णालयातील लिंगनिवडीच्या गर्भपातांचे प्रकरण उघडकीस आल्यानंतरचे दिवस मला चांगले आठवतात. बीड जिल्ह्यातील बाल लिंग गुणोत्तर २०११च्या जनगणनेत ८०७ होते, म्हणजे राज्याच्या ८९४ या सरासरीच्याही फार खाली, त्यामुळे संताप होणे साहजिक होते. त्या संतापात राज्य सरकारच्या पातळीवर अशा प्रकरणांना खुनाचे कलम ३०२ लावावे, अशी भाषा सुरू झाली. अन्न व औषध प्रशासनाने औषध दुकानांवर धाडी घातल्या आणि राज्यभर अनेक दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद केले. ‘ती कटकट नको’ हे मला आमच्या गावातील औषध विक्रेत्याने तोंडावर सांगितले.

यातील विसंगती पाहा. गोळ्यांनी करायचा गर्भपात पहिल्या सात ते नऊ आठवड्यांतील असतो. सोनोग्राफीत गर्भाचे लिंग कळू लागते ते साधारण बाराव्या आठवड्यानंतर. म्हणजे ज्या बाईला मुलगी आहे म्हणून गर्भ पाडायला लावले जाते, तिच्या बाबतीत या गोळ्यांची वेळ केव्हाच निघून गेलेली असते. गोळ्या बंद करून लिंगनिवड थांबण्याचे काही कारण नव्हते. सुरक्षित, लवकरचा गर्भपात मात्र दुर्मीळ झाला. धाडी घालणाऱ्या अधिकाऱ्यांना हे वैद्यकीय गणित माहीत नव्हते असे मी म्हणणार नाही. पण सगळ्या चर्चेचा विषय ‘भ्रूणाची हत्या’ हाच झाल्यावर भ्रूण कोणत्या आठवड्याचा आणि गर्भपात कशासाठी, हे प्रश्न विचारणारा माणूस संशयित ठरत होता. मी स्वतः एका बैठकीत ते विचारले आणि ‘तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?’ हे उत्तर घेऊन परत आले.

जाता जाता एक गोष्ट. हा धंदा करणाऱ्यांची स्वतःची भाषा मात्र अतिशय साधी असते. ‘पेढे आणा’ म्हणजे मुलगा, ‘बर्फी’ म्हणजे मुलगी. कुठे ‘जय श्रीकृष्ण’ आणि ‘जय माताजी’. ती समजायला कोणाला प्रशिक्षण लागत नाही.

कोरडवाहू

वरील तिन्ही लेखन वाचले. मला त्यातील बऱ्याच गोष्टी पटत असूनही काही कडू बोलावे लागत आहे. मी शेतकरी आहे आणि तरुणपणी शेतकरी संघटनेच्या आंदोलनांत होतो, तेव्हा भाषणे ऐकण्याचा आणि करण्याचा मला थोडाफार अनुभव आहे.

‘हत्या’ हा शब्द नको, ‘पाप’ नको, कारण त्याचे दुष्परिणाम झाले, हे मान्य. पण त्या शब्दाने काय केले तेही पाहावे. आमच्या गावात २००० सालाच्या आसपास तालुक्याला जाऊन ‘तपासणी करून येणे’ हे लपवण्यासारखे वाटत नव्हते. लग्नाच्या पंगतीत त्याची चर्चा होत असे. कीर्तनकार बुवांनी सप्ताहात उभे राहून या कामाला महापाप म्हटल्यावर ती पंगतीतील चर्चा बंद झाली. काम बंद झाले असा माझा दावा नाही, पण ते उजळ माथ्याने करण्याची सोय संपली. हे ‘लिंगाधारित गर्भनिवड’ या शब्दाने झाले असते का? गर्भनिवड म्हणजे काय, वाण निवडतात तसे काही आहे का, असेच आमच्याकडे कोणी विचारील. ज्या शब्दात अन्यायाची धगच नाही, तो कितीही अचूक असला तरी कार्यकर्त्यांनी एकमेकांची परीक्षा घेण्यापुरता उरतो. अलीकडे हे फार वाढले आहे. प्रशिक्षणात शिकलेला शब्द न वापरणाऱ्या माणसाला मागासलेला ठरवले जाते आणि तो माणूस पुढच्या बैठकीला येत नाही.

लोकांच्या श्रद्धेतील शब्द उचलून त्यातून मोठे काम करता येते, याचे एक उदाहरण देतो. नोव्हेंबर १९८६मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन झाले. त्यानंतरच्या काळात शरद जोशींनी जमिनीचा काही भाग बायकोच्या नावावर करून देण्याचा कार्यक्रम मांडला, तेव्हा त्याला ‘महिलांचे मालमत्ताविषयक सक्षमीकरण’ असे नाव दिले नाही. नाव होते ‘लक्ष्मीमुक्ती’. मांडणी अशी होती की, आपण सरकारकडे कर्जमुक्ती मागतो. पण घरच्या लक्ष्मीचे जे ऋण आपल्या डोक्यावर आहे ते आधी फेडले पाहिजे. कर्जाची भाषा शेतकऱ्याला कोणी शिकवावी लागत नव्हती. माणसे तलाठ्याकडे गेली आणि सातबाऱ्यावर बायकांची नावे लागली. माझ्या आईच्या नावावर दोन एकर त्याच काळात झाली, आणि माझे वडील काही स्त्रीमुक्तीवादी नव्हते.

म्हणून माझे सांगणे एवढेच की, भिंतीवर पेंटरला समजणारे लिहा.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. कोरडवाहू दादांचा मुद्दा मला झोंबला, आणि तो योग्य जागी झोंबला. आमच्या प्रशिक्षणांत हे खरोखरच होते.

एक उपप्रश्न आहे. ‘हत्या’ बाजूला ठेवून दुसरी ओळ घ्यावी, असा तोडगा सरपंचांनी सुचवला आहे. त्यांची पसंती ‘आई हवी, बहीण हवी, पत्नी हवी, मग मुलगी का नको?’ या घोषणेला आहे. ही सोपी आहे, धग आहे, कोणाला गुन्हेगार ठरवत नाही. तरीही ती मला अडते आहे आणि का अडते ते मला सरपंचांना नीट सांगता आले नाही. ‘लेक वाचवा’ या ओळीबद्दलही काहींचे आक्षेप आहेत.

कलम चोवीस

मी वकील आहे. टोपणनाव ज्या कलमावरून घेतले आहे त्याविषयीच आधी लिहितो, कारण या चर्चेशी त्याचा थेट संबंध आहे.

१९९४च्या कायद्यातील कलम २४ असे सांगते की, गर्भवती स्त्रीची लिंगपरीक्षा झाली असेल तर उलट सिद्ध होईपर्यंत न्यायालयाने तिच्यावर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असे गृहीत धरायचे आहे. सक्ती झालेल्या स्त्रीला शिक्षेतून वगळण्याची तरतूद त्याआधीच्या कलमात आहे. कायदा करणाऱ्यांना या गुन्ह्यात सत्ता कोणाकडे असते हे माहीत होते. ‘हत्या’ म्हटले की मात्र सगळी चौकट बदलते. भारतीय दंड विधानाच्या कलम ३१२मध्ये स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही आरोपी होऊ शकत होती आणि आजच्या न्याय संहितेतही ती तरतूद कायम आहे. पोलीस ठाण्यात जे अंमलदार बसलेले असतात, तेही भिंतीवरच्या घोषणा वाचूनच मोठे झालेले असतात. त्यांना लिंगपरीक्षेच्या कायद्यापेक्षा दंड विधान सवयीचे, आणि ‘भ्रूणहत्येत’ आई हा हाताशी असलेला आरोपी. सामाजिक न्यायाच्या एका कायद्याचा अर्थ असा रस्त्यातच बदलतो.

आता घोषणांविषयी. ‘आई हवी, बहीण हवी, पत्नी हवी’ यात ‘हवी’ कोणाला, हे सरपंचांना विचारून पाहावे. ही घोषणा पुरुषाला उद्देशून आहे आणि मुलगी का जन्मावी याचे कारण म्हणून त्याच्या गरजा पुढे करते. ‘मुली कमी झाल्या तर पोरांना बायका कुठून आणायच्या’ हे तिचेच सख्खे भावंड. अशी घोषणा वाचून मोठा झालेला मुलगा मुलींची संख्या कमी होणे ही आपली अडचण आहे असे समजतो. ज्यांना जन्मच मिळाला नाही किंवा जन्मल्यावर ‘नकोशी’ हे नाव मिळाले, त्यांच्यावर अन्याय झाला हे त्यात येतच नाही. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११मध्ये पावणेतीनशेहून अधिक ‘नकोशीं’ना समारंभाने नवी नावे दिली गेली, तेव्हा त्या मुलींनी स्वतः नावे निवडली. मला या सर्व प्रचारातील ती सर्वांत बोलकी घटना वाटते, कारण तेथे मुलगी कोणाची तरी भावी बायको म्हणून व्यासपीठावर आलेली नव्हती.

‘लेक वाचवा’ ही ओळ याहून बरी आहे, पण तीही अर्ध्यावर थांबते. वाचवायचे कोणापासून, आणि लेक नकोशी का झाली, यावर ती मौन पाळते. या मौनाचा फायदा असा की, शासन, डॉक्टर, पुढारी, हुंडा घेणारे सासरे, सगळेच या घोषणेखाली आनंदाने फोटो काढू शकतात. ज्या घोषणेखाली कोणालाही उभे राहता येते, तिने अन्यायाविषयी लोकांना काही शिकवले असे मला म्हणवत नाही. मुलगी नको असण्याची कारणे हुंडा, म्हातारपणाचा आधार, अंत्यविधीपासून वारसापर्यंत सगळ्या व्यवहारांत मुलगाच लागणे, आणि जमीन ही आहेत. महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, केंद्राने तो २००५ साली दिला. आणि आजही माझ्या कार्यालयात दर उन्हाळ्यात भाऊ बहिणींना घेऊन येतात ते हक्कसोड पत्रावर, म्हणजे आपला वाटा सोडल्याच्या कागदावर, सह्या करायला. बहीण ‘माहेर तुटू नये’ म्हणून सही करते, मग चहा होतो, साडीचोळी होते. त्याच भावाच्या घराच्या भिंतीवर ‘लेक वाचवा’ रंगवलेले मी पाहिले आहे आणि त्याला त्यात काही विसंगती वाटत नव्हती. वाटावी असे त्या घोषणेत काही नव्हतेच.

कोरडवाहू यांच्या ‘लक्ष्मीमुक्ती’विषयी मला आदर आहे. फक्त एक नोंद करतो: त्या भाषेत जमीन ही नवऱ्याने फेडलेले ऋण होती, म्हणजे देणारा तोच राहिला. बायकोचा तो हक्क होता, हे त्यातून लोकांनी कितपत ऐकले, याची मला शंका आहे.

कोरडवाहू

वकीलसाहेब, शंका रास्त आहे. पण नाव सातबाऱ्यावर लागले की ऋण आणि हक्क यांतील फरक तलाठी पाहत नाही. आई पुढे बँकेत गेली तेव्हा तिने उतारा दाखवला, भाषण दाखवले नाही.

तुमच्या विवेचनावरून मला एक गोष्ट आठवली, जी कदाचित रानजाईताईंच्या उपयोगी पडेल. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कायद्याला आमच्याकडे वारकरी मंडळींचा मोठा विरोध होता. ‘अंधश्रद्धा’ म्हटले की प्रत्येकाला आपल्या श्रद्धेवर घाला आल्यासारखे वाटत होते. कोणाची श्रद्धा आणि कोणाची अंधश्रद्धा, हा वाद वर्षानुवर्षे चालला. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला आणि त्यानंतर जो कायदा आला, त्याच्या नावात ‘अंधश्रद्धा’ हा शब्द नाही. नरबळी, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आणि जादूटोणा असे त्याचे नाव आहे. आणि त्याच्या परिशिष्टात काय आहे? भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे, साप किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणे. वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना कायदा लागू नाही, हेही त्यातच लिहिले आहे. मी स्वतः वारीला जातो. ती यादी वाचल्यावर मला तिच्याशी भांडण करण्यासारखे काही सापडले नाही.

तेव्हा कोणता मोठा शब्द वापरावा, यावर डोके घालण्यापेक्षा कोण काय करतो आणि त्याचे काय व्हायला हवे, तेच भिंतीवर लिहावे. त्याला धगही राहते.

शाईपेन

कोरडवाहू यांच्या सूचनेला माझा पाठिंबा आहे. एक व्यावसायिक सूचना जोडतो. वाक्यात कर्ता ठेवा. ‘मुली कमी होत आहेत’ हे वाक्य पाऊस कमी होत आहे यासारखे वाचले जाते. अमर्त्य सेन यांनी १९९०मध्ये दहा कोटींहून अधिक स्त्रिया ‘बेपत्ता’ असल्याचे मांडले, तेव्हा त्या शब्दाने जगभर खळबळ झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. परंतु त्यानंतर आमच्या बातम्यांत मुली नुसत्याच बेपत्ता होत राहिल्या, त्यांना बेपत्ता करणारा कोणी दिसला नाही.

रानजाई

काल सर्वांना बसवून मजकूर ठरवला. ज्येष्ठ मंडळींना ‘हत्या’ गेल्याचे वाईट वाटले आहे. मात्र तरुण सहकाऱ्यांचीही ‘गर्भनिवड’ गेली आहे, त्यामुळे नाराजी समान वाटली गेली. पेंटरला आधी वाचायला दिले. त्याने काही विचारले नाही, फक्त तिसरी ओळ वाचून “ही सरपंचांना चालणार आहे का?” असे म्हणाला. सरपंचांना दोन बहिणी आहेत. मजकूर असा:

‘पोटात मुलगा आहे की मुलगी हे सांगणारा डॉक्टर आणि ते विचारायला लावणारे घरचे, दोघेही गुन्हेगार आहेत. सक्ती झालेली बाई गुन्हेगार नाही.’

‘नको असलेला गर्भ नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी काढता येतो. ते कायदेशीर आहे. त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही.’

‘लेकीचे नाव सातबाऱ्यावर लावा. हक्कसोड पत्रावर तिची सही मागू नका.’

यात कायद्याच्या किंवा वैद्यकीय दृष्टीने काही चूक असल्यास कृपया लगेच सांगावे, परवा रंगकाम सुरू होईल.

कलम चोवीस

पहिली ओळ कायद्याला धरून आहे. दुसरीतील सहीची गोष्ट सज्ञान स्त्रीसाठी बरोबर आहे. ती १८ वर्षांखालील असेल तर पालकाची संमती लागते. म्हणून ‘सज्ञान बाईला’ असे लिहावे. तिसऱ्या ओळीवर पंचायतीत वाद झाला तर १९९४च्या राज्य दुरुस्तीची प्रत मी पाठवून देईन.

प्रसूतिकक्ष

दुसऱ्या ओळीतील ‘नऊ आठवडे’ काढा. आकडा आज बरोबर आहे, पण नियम बदलले की भिंत चुकीची ठरेल, आणि दहाव्या आठवड्यातील बाई ती वाचून घरी परत जाईल. तिच्यासाठी दवाखान्यात दुसरी पद्धत उपलब्ध असते आणि कायद्याची मुदतही बरीच पुढे, वीस आठवड्यांपर्यंत आहे, २०२१च्या दुरुस्तीनंतर काही परिस्थितींत चोवीसपर्यंत. शिवाय ‘गोळ्यांनी’ वाचून कोणी थेट दुकानातून गोळ्या आणून घरीच घेईल आणि रक्तस्राव झाला तर जीवावर बेतेल. त्या जागी ‘पाळी चुकली की लवकर सरकारी दवाखान्यात या, नाव गुप्त राहते’ असे लिहावे. नाव गुप्त ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. आणि ग्रामीण रुग्णालयात ही सेवा कोणत्या वारी मिळते ते आधी विचारून घ्या. वार लिहिलात तर तो आशा ताईंच्या वहीत लिहा, भिंतीवर नको, कारण डॉक्टरांची बदली झाली की वार बदलतो.